धागा: शोधलं, सापडलं, पण शिकलो का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते, हायस्कूलला विज्ञान आणि भूगोल शिकवते. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते.

मागे एका जुलैत कृष्णेला पाणी चढत होतं. पावसाळ्यात आमच्याकडे प्रत्येक मोबाईलवर एकच शोध चालू असतो, 'आयर्विन पूल पाणी पातळी'. इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं होतं, हे इथे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ. त्या संध्याकाळी शेजारच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. माझा मुलगा, तेव्हा नववीत, मोबाईल बघून म्हणाला, "आजी, अडतीस फूट."

आजींनी विचारलं, "चढतंय का उतरतंय?"

त्याने परत मोबाईल बघितला. तिथे अडतीसच होतं. "तसं दिलेलं नाही," म्हणाला.

"अरे मग अडतीस घेऊन मी काय करू? बोळाच्या उताराला भिंतीवर सकाळी विटकरीनं रेघ मारून ठेवलीय. आईला घेऊन जा आणि बघून ये."

आम्ही दोघं टॉर्च घेऊन गेलो. रेघ पाण्याखाली चार बोटं गेली होती. गढूळ पाण्यात तांबडी रेघ हलल्यासारखी दिसत होती. परत येऊन सांगितलं, तर आजी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दिवसभरात चार बोटं. म्हणजे जोर धरलेला नाही. आज रात्री खालचं सामान हलवायला नको. पण कोयनेतनं किती सोडलंय ते बघ बरं त्यात." 'त्यात' म्हणजे मोबाईलमध्ये. आणि तेव्हा मुलाने जो शोध घेतला, तो मी आजवर बघितलेला त्याचा सगळ्यात चांगला शोध होता. कोयनेचा विसर्ग, तिथला पाऊस, कराडची पातळी, सगळं स्वतःहून काढलं. कशासाठी शोधतोय ते त्याला आता माहीत होतं.

सर्च इंजिन वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. पाठ तयार करताना मी स्वतः रोज वापरते. पण वर्गात बघते तेव्हा काळजी वाटते. प्रश्न विचारला की पूर्वी पोरं छताकडे बघायची, पेन चावायची, शेजाऱ्याशी कुजबुजायची. त्या दोन मिनिटांत डोक्यात काहीतरी शिजत असायचं. आता घरचा अभ्यास तपासताना ती दोन मिनिटं कुठेच सापडत नाहीत. उत्तर बरोबर असतं. "असं का?" विचारलं की पोर माझ्याकडे बघत राहतं.

यावर संशोधन झालेलं आहे. २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांचा 'सायन्स' मध्ये लेख आला. लोकांना ४० छोटी माहितीपर वाक्यं संगणकावर टाईप करायला दिली. निम्म्यांना सांगितलं, हे साठवलं जाईल. निम्म्यांना सांगितलं, हे पुसलं जाणार. पुसलं जाणार असं ज्यांना वाटत होतं त्यांना जास्त आठवलं. दुसऱ्या एका प्रयोगात माहिती काय होती यापेक्षा ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली हेच लोकांच्या जास्त लक्षात राहिलं.

तुमचं निरीक्षण काय? घरात, शेतात, नोकरीत, जिथे असाल तिथलं लिहा.

---

सातारारोड

ताई, आजींचा प्रसंग मनापासून आवडला. पण निष्कर्षाशी सहमत नाही. मी मूळचा साताऱ्याचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

माणसाने सगळं स्वतःच्याच डोक्यात कधी ठेवलं होतं? आमच्या घरात तिथी-सण आजीकडे, जमिनीचे गट नंबर आणि बांधाची भांडणं चुलत्यांकडे, कुणाचं कुणाशी काय नातं हे आत्याकडे. वडिलांना यातलं काही येत नव्हतं, पण कुणाला विचारायचं ते पक्कं माहीत होतं. याच वेग्नरनी १९८५ मध्ये याबद्दल मांडणी केली होती: एकत्र राहणारी माणसं स्मरण आपसात वाटून घेतात. आता त्या घरात आणखी एक सभासद आला, इतकंच.

आणि त्या २०११ च्या लेखाबद्दल. त्यात एकूण चार प्रयोग होते. २०१८ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स' मधले २१ सामाजिक प्रयोग नव्याने करून पाहिले गेले, त्यात यातला एक होता. अवघड प्रश्न विचारला की माणसाच्या मनात आपोआप संगणकाचे विचार येतात, असं दाखवणारा. तो परत तसा जमला नाही. तुम्ही सांगितलेला टाईप करण्याचा प्रयोग वेगळा आहे, हे मान्य. पण 'गूगलने स्मरणशक्ती गेली' असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पाया पक्का नाही.

माझं काम तर शोधल्याशिवाय चालतच नाही. एरर आला की तोच मेसेज टाकून शोधायचं. त्यातून वाचलेला वेळ मी खऱ्या अडचणीवर घालवतो.

---

जत_पूर्व

मी जत तालुक्यातल्या एका वाडीवरचा. धागा वाचून थोडं वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आमच्या गावात वाचनालय नव्हतं. दहावीला असताना गणिताला वर्षभर पूर्णवेळ शिक्षक नव्हते. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि पुढे सगळं इंग्रजीत. विचारायला कुणी नव्हतं. भावाचा जुना मोबाईल होता, रेंजसाठी टाकीजवळच्या उंचवट्यावर जाऊन बसायचो. त्रिकोणमिती मी तिथे बसून शिकलो. एकच सूत्र सात ठिकाणी बघायचो, कारण पहिल्या सहा ठिकाणचं कळायचं नाही.

'पूर्वी पोरं छताकडे बघायची' असं ताई म्हणतात. आम्हीही बघायचो. पण छताकडे बघून त्रिकोणमिती येत नाही. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे त्यांना शोधयंत्राचे तोटे लवकर दिसतात. आमच्यासाठी ते कपाटच होतं. आज मी इंजिनिअर आहे तो त्या उंचवट्यामुळे.

---

बागायतदार_तासगाव

जतच्या दादांचं एकदम बरोबर. तरी माझा अनुभव सांगतो, नुकसान सोसून आलेला आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण महिनाभराने बागेत पानांवर पांढरं दिसलं. वडील परगावी होते. मी मोबाईलवर टाकलं, 'द्राक्ष पान पांढरी बुरशी'. वरच भुरीची माहिती आली, फोटोसकट. फोटो जुळला. गंधक मारलं आणि निवांत झालो.

दोन दिवसांनी वडील आले. बागेत शिरले, एक पान तोडलं, उलटं केलं आणि उन्हाकडे धरलं. वरच्या बाजूला तेलाचा थेंब सांडल्यासारखे पिवळट डाग, आणि बरोबर त्याच्याच खाली, पानाच्या मागच्या अंगाला, पांढरी लव. भुरी पानाच्या वरून पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. हा केवडा होता, आम्ही डाऊनी म्हणतो तो. गंधक भुरीला चालतं, डाऊनीला त्याचा उपयोग नाही. त्या दोन दिवसांत तो घडावर उतरला होता.

गूगलने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. भुरीची माहिती बरोबर, औषधही बरोबर. मी पान उलटं केलं नव्हतं, आणि पान उलटं कर असं तिथे कोण सांगणार? मला डाऊनी हा शब्द माहीत होता, डाग माहीत होता, पुस्तकात वाचलेलंही होतं. पण हातात मोबाईल होता म्हणून डोळा पानावर ठरला नाही.

आणखी एक. इंग्रजीत शोधलं की बाहेरच्या देशातली माहिती पुढे येते. तिकडे थंडीत वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या: एप्रिलची खरड काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी. हे ज्याला ठाऊक नाही त्याने तिकडचं वेळापत्रक वाचून काही केलं, तर बाग गेलीच म्हणायची. कुठलं उत्तर आपलं आणि कुठलं परक्या हवामानाचं, हे ओळखायला आधी बाग कळलेली पाहिजे.

---

अभ्यासिका_पोवईनाका

मी एमपीएससीचा अभ्यास करते, साताऱ्यात. आज धागा वाचून मोबाईलची गॅलरी उघडली. अभ्यासाचे स्क्रीनशॉट मोजले: ११४०. त्यातले परत किती उघडले? सुरुवातीचे पंचवीस-तीस असतील. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढला की 'झालं, हे आलं' असं वाटायचं. पेपरात तोच प्रश्न आला की पानाचा रंग आठवतो, हेडिंग कुठे होतं ते आठवतं, आकडा आठवत नाही. ताईंनी सांगितलेला फोल्डरचा प्रयोग वाचताना अंगावर काटा आला.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका दादाने गेल्या वर्षी सवय लावली. वाचलं की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. फार त्रास होतो, कागद अर्धा रिकामा राहतो. पण यालाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

शोधलं की लगेच सापडतं, तेव्हा आपण कायम त्या पहिल्या पाच मिनिटांतच राहतो, असं मला वाटतं.

---

मिरजेचा_तानपुरा

आमचं घराणं तंतुवाद्यं करणारं. थोडक्यात लिहितो.

तानपुऱ्याची जवारी काढणं म्हणजे घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) माथ्याला कानसेने हळूहळू असा उतार देणं की तार त्यावर अगदी ओझरती टेकली पाहिजे. तेव्हा स्वर फुलतो. व्हिडिओ आता भरपूर आहेत, मीही बघितले. हात कसा धरायचा ते दिसतं. पण कुठे थांबायचं ते कानाला कळतं, आणि कान तयार व्हायला मला सहा वर्षं लागली. कानस एकदा जास्त फिरली की घोडी वाया. वडील शेजारी बसून फक्त "ऐक" म्हणायचे. कधी कधी दिवसभरात तेवढाच एक शब्द.

व्हिडिओचा फायदा मात्र एक झाला. दुसऱ्या गावचे कारागीर वेगळ्या पद्धतीने घासतात हे कळलं. पूर्वी हे कुणी कुणाला दाखवत नसे.

---

ग्रंथपाल_सातारा

वाचनालयात बावीस वर्षं काढली. वाचक येऊन विचारतो, "शाहू महाराजांवर पुस्तक आहे का?" आम्ही उलट विचारतो, "कोणते शाहू? साताऱ्याचे की कोल्हापूरचे? आणि कशासाठी हवंय?" या दोन वाक्यांत निम्मं काम होतं. पुष्कळदा वाचक तिथेच थांबतो आणि म्हणतो, "थांबा, मला नक्की काय पाहिजे तेच बघतो." शोधयंत्र हे विचारत नाही. तुमच्या अर्धवट प्रश्नाला ते पूर्ण उत्तर देऊन टाकतं.

ते चालतं कसं हेही मुलांना सांगायला हवं. १९९८ मध्ये पेज आणि ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गूगल सुरू केलं तेव्हाची मूळ कल्पना अशी: ज्या पानाकडे जास्त पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतः वजनदार असेल तर आणखी महत्त्वाचं. पुढे त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या. पण वर येणं आणि खरं असणं या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या, आजही आहेत. मराठीत तर पानंच कमी, त्यामुळे एकाने चूक केली की दहा जण तीच उतरवतात आणि चुकीला वजन येतं.

मागे एक मुलगा आला. भाषणाची तयारी. म्हणाला, "रयत शिक्षण संस्थेचं एका ठिकाणी १९१९ आहे, एका ठिकाणी १९२४. कुठलं खोटं?" मी दोन पुस्तकं समोर ठेवली आणि माझ्या कामाला लागलो. तासाभराने तो उठून आला, चेहरा उजळलेला. कर्मवीरांनी संस्था १९१९ ला कराडजवळच्या काले गावी काढली आणि १९२४ ला साताऱ्यात आणली, वसतिगृह सुरू केलं. दोन्ही खरं! पण त्याला त्याहून मोठा प्रश्न पडला होता: "काले सोडून साताऱ्यालाच का आणली असेल?" भाषण त्याने त्यावरच केलं.

तो विसंगती घेऊन माझ्याकडे आला हे मला फार मोलाचं वाटतं. ती त्याला शोधातच सापडली होती, हेही खरं.

---

आई_विश्रामबाग

सगळं पटतंय, पण घरी रात्री साडेनऊ वाजता विज्ञान, इतिहास, प्रकल्प आणि उद्याची चाचणी असं सगळं एकदम असतं. तेव्हा 'आधी विचार कर' म्हणायची ताकद माझ्यात नसते, मुलीतही नसते. शाळाच पंधरा प्रश्नांची उत्तरं मागते. तीन मागितली तर ती विचार करेल.

शिवाय आता पान उघडायचीही गरज पडत नाही. शोधलं की वरच तयार सारांश येतो. पूर्वी निदान चार पानं चाळली जायची.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

जतचे दादा, तुमचं वाचून मी थांबले. माझ्या बोलण्यात कपाट असलेल्या घराचा आवाज होता, हे खरं आहे. पण तुम्हीच लिहिलंत, एकच सूत्र सात ठिकाणी बघायचो. सात ठिकाणी बघणारा मुलगा विचारच करत असतो. माझ्या वर्गातली मुलं पहिल्या ठिकाणी थांबतात आणि आपल्याला कळलं असं मानतात, मला काळजी आहे ती त्याची. येल विद्यापीठातल्या फिशर, गोडू आणि काइल यांनी २०१५ मध्ये हेच तपासलं. इंटरनेटवर काही प्रश्नांची उत्तरं शोधून आलेल्या लोकांना नंतर भलत्याच विषयांबद्दल विचारलं, हे तुम्ही कितपत समजावून सांगू शकाल? त्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. शोधलेल्या विषयाशी त्याचा काही संबंध नव्हता. बाहेरचं ज्ञान आतलं वाटायला लागतं.

विश्रामबागच्या ताई, पंधरा प्रश्नांची चूक आमची आहे. उद्यापासून माझ्या विषयात तीनच देईन. आणि प्रत्येक प्रश्नाआधी वहीत एक ओळ: 'मला काय वाटतं'. चुकलं तरी चालेल, ती ओळ खोडायची नाही. त्यानंतर हवं तेवढं शोधा.

---

जत_पूर्व

ताई, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पण एक अडचण आहे. अंदाज बांधायलाही काहीतरी आधी माहीत असावं लागतं. मला सुरुवातीला 'साइन' म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. 'मला काय वाटतं' या ओळीत मी काय लिहिलं असतं?

---

सातारारोड

दादांचा मुद्दा बिनतोड आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नावर जवळपास ताईंचाच नियम तपासला होता. काहींना लगेच गूगल करू दिलं, काहींना आधी स्वतः झटायला लावलं. आधी झटलेल्यांच्या नंतर जास्त लक्षात राहिलं, पण फायदा झाला तो मुख्यतः थोडीफार तोंडओळख असलेल्यांना. म्हणजे पाया शिकवल्याशिवाय 'आधी विचार कर' म्हणणं हा पोरांवर अन्यायच.

आणि एक कबूल करतो. एरर टाकून सापडलेला तोडगा मी चिकटवतो, आणि तीन महिन्यांनी तोच एरर आला की परत शोधतो. काल मोजलं. एकच पान मी पाच वेळा उघडलेलं आहे. वाचलेला वेळ खऱ्या अडचणीवर घालवतो असं वर लिहिलं होतं, त्यावर आता तितका ठाम नाही.

---

बागायतदार_तासगाव

अंदाज जमत नसेल तर निरीक्षण लिहू द्या ताई. 'पानाच्या मागे काय दिसलं' एवढं. त्याला आधीचं ज्ञान लागत नाही, डोळे लागतात.

---

कृष्णाकाठ

बागायतदार दादा, तुमची सूचना घेतली. ओळ आता अशी आहे: 'मला काय दिसतं, किंवा काय वाटतं'.

काल वर्गात फळ्यावर नदी काढली. पाटणकडून कोयना, कराडला प्रीतिसंगम, मग कृष्णा खाली सांगलीपर्यंत. प्रश्न एकच: कोयनेतून दुपारी विसर्ग वाढवला तर आयर्विनला पाणी कधी वाढेल? मोबाईल दप्तरात.

पहिल्यांदा सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, दोन तास, एसटी तेवढ्यात येते. दुसरा म्हणाला, एसटी सरळ येते, नदी वळणं घेत येते. मागच्या बाकावरची एक मुलगी सूर्यवंशी प्लॉटात राहते, तिथे दर वेळी सगळ्यांत आधी पाणी शिरतं. ती म्हणाली, नदीत आधीच पाणी भरलेलं असेल तर वेगळं, कोरडी असेल तर वेगळं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दरवर्षी सामान माळ्यावर चढवताना तिने बघितलेलं होतं. वहीत एकाने 'दिसतं' च्या पुढे नुसतं 'नदी लांब आहे' लिहिलं, तेही मी ठेवलं.

मग मोबाईल काढू दिले. पंचवीस मिनिटं वर्गात जो गलका झाला, तसा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आकडे वेगवेगळे आले आणि ते वेगळे का, यावर वाद झाला. नेमके तास विसर्गावर आणि नदीतल्या आधीच्या पाण्यावर बदलतात, हे त्यांचं त्यांनीच काढलं.

तास संपताना त्याच मुलीने विचारलं, "बाई, वारणा हरिपूरला मिळते, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला. मग वारणेला पूर आला की आपल्याकडचं पाणी का तुंबतं? ती तर आपल्या पुढे आहे." अर्ध्या वर्गाचा हात दप्तराकडे गेला. मी म्हटलं, शनिवारपर्यंत नको.

शनिवारी सकाळी साडेसातला हरिपूरच्या संगमावर जाणार आहोत. एकोणीस जणांनी नावं दिलीत. काठी, दोरी आणि वह्या घेऊन. माझ्या शेजारच्या आजीही येते म्हणाल्यात.